आबांची कवळी आणि माझी सिस्टीम

आजवर मला कामावरून फक्त एकाच व्यक्तीनं काढलं आहे, आणि ती व्यक्ती माझी सख्खी आत्या आहे.

तेही पाच तासांत! (पुण्यात आमच्या कंपनीत रोज कपबशा फोडणाऱ्या माणसालासुद्धा आम्ही आधी तीन लेखी नोटिसा देतो.) मी एका रेस्टॉरंट कंपनीत ऑपरेशन्स हेड आहे. बत्तीस हॉटेलं माझ्या हाताखाली चालतात. कुठल्या हॉटेलात काल किती पनीर उरलं, हे मला सकाळी दात घासताना मोबाइलवर दिसतं. आणि आत्याची खानावळ म्हणजे सोलापुरातल्या एका गल्लीत सहा टेबलं, दोन पंखे आणि त्यातला एक बंद. तरी काढलं! कारण विचारलं तर म्हणाली, "तुझ्यानं हुईत न्हाई."

सगळ्याचं मूळ एका भाषणात होतं. सोलापुरातल्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजनं मला बोलावलं होतं. विषय होता, 'माझी वाटचाल: धडे आणि प्रेरणास्थानं'. आत्याला मीच म्हणालो, "चल की ऐकायला." ती ठेवणीतली इरकल नेसून आली आणि मांडीवर पर्स घेऊन पहिल्या रांगेत बसली.

मी तासभर बोललो. छान बोललो, असं माझं अजूनही मत आहे. पुण्यातल्या पहिल्या मॅनेजरनं मला शिस्त शिकवली, दिल्लीच्या एका शेफनं दर्जा शिकवला आणि सिंगापूरहून आलेल्या ट्रेनरनं सिस्टीम शिकवली, हे मी उदाहरणं देऊन सांगितलं. शेवटी प्रश्नोत्तरं झाली. मागून एक मुलगी उठली.

"सर, तुमच्या घरात या लाइनमध्ये आधी कोणी होतं का?"

आता अशा वेळी माणूस भाषणाच्या ओघात असतो. समोर दोनशे पोरं वहीत आपलं वाक्य लिहून घेत असतात. मी दोन्ही हात पसरले आणि म्हणालो, "नाही! मी शून्यातून सुरुवात केली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं तेवढ्या वाजवल्या नाहीत.

इथं एक छोटासा खुलासा करायला हवा. माझे वडील रेल्वेत होते. त्यांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून पाचवीपासून पदवीपर्यंत मी आत्याकडं राहिलो. तिच्या खानावळीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर माझा सगळा अभ्यास झाला. कांदा कसा चिरायचा, ताट कसं वाढायचं, गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा आमटी कधी विचारायची, हे सगळं मी तिथंच शिकलो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त त्या क्षणी आठवलं नाही! माणसाला आठवत नाही कधीकधी! यात एवढं आकाशपाताळ एक करण्यासारखं काय आहे?

आत्या चिडली की कानडी बोलते, आणि ज्याच्यावर चिडली आहे तो सोडून बाकी सगळ्यांशी बोलते. घरी येताना ती रिक्षावाल्याशीच बोलत राहिली. तो आरशातून अधूनमधून माझ्याकडं बघायचा आणि मान हलवायचा. उतरताना त्यानं माझे सुटे पैसेसुद्धा आत्याच्या हातात दिले.

घरात आल्यावर तिनं पर्स ठेवली, पाणी प्यायलं आणि ती मराठीवर आली.

"शिवू, शून्य म्हंजे मी का?"

"अगं आत्या, तसं बोलायची एक पद्धत असते."

"कुणाची? शिंगापूरवाल्याची?"

"तसं नव्हे गं…"

"ऱ्हाऊ दे. उद्या मी होटगीला नणंदेकडं जाते. खानावळ तू बघ."

"मी?"

"मग? बत्तीस चालवतोस की. आनि एक चालव."

खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हटलं, हिला एकदा दाखवूच सिस्टीम काय असते! जाता जाता तिनं एकच सूचना दिली. मागच्या गल्लीतले मानेमास्तर हे तिचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीला, स्नेहलला, बघायला अकलूजहून पाहुणे येणार होते. मुलामुलीची पसंती आधीच झाली होती, उद्या मोठ्या माणसांची बोलणी होती. जेवण आत्याच्या खानावळीतून जाणार होतं.

"पंधरा पानं हायत. दीडच्या ठोक्याला पोचलं पायजे. आन् म्हाताऱ्याचं वेगळं."

"वेगळं म्हणजे?"

"शांताबाईला ठाऊक हाय."

बघा! ही तिची पद्धत. कागद नाही, फॉर्म नाही, सगळं शांताबाईला ठाऊक! उद्या शांताबाई आजारी पडली तर म्हाताऱ्यानं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी सगळ्यांना एकत्र बोलावलं. सगळे म्हणजे तिघं. भाकऱ्या करणारी शांताबाई, भाजी-आमटी बघणारी रेणुका आणि तीस वर्षं वाढपी असलेले मल्लूअण्णा. मी त्यांना आमच्या कंपनीचं ब्रीदवाक्य सांगितलं, "एक दर्जा, एक चव, अपवाद नाही!" मग मी पाहुण्याचं स्वागत, ताटाची मांडणी आणि चटणीचं प्रमाण यावर बोललो. वीस मिनिटं झाल्यावर शांताबाईनं हात वर केला. मला बरं वाटलं. प्रश्न विचारणारा कर्मचारी आम्हाला हवाच असतो.

"बोला शांताबाई."

"दादा, तवा तापलाय."

प्रशिक्षण तिथंच संपलं.

साडेदहाला रोजची गिऱ्हाइकं यायला लागली. मी दारात उभा राहिलो. पहिले आले ते समोरच्या टॉवेलच्या दुकानातले काका.

"नमस्कार! आपलं स्वागत आहे! आपण किती जण?"

त्यांनी मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. "एकटाच की. लगीन केलं न्हाई मी, तुला म्हाईत न्हाई व्हय?"

ते टेबलावर जाऊन बसले. मी ताट मांडलं. मधोमध उसळ, बाजूला भरल्या वांग्याचं एक वांगं देठ वर करून, आणि छोट्या वाटीत एक चमचा शेंगाचटणी. काकांनी वाटी उचलली, उजेडात धरली, उलटीसुलटी केली.

"शिवू, ही चटणी हाय का अंगारा?"

"काका, हे प्रमाण आहे. वाया जात नाही."

"आरं, टेबलावरची बरणी कुटं गेली?"

बरण्या मी आत ठेवल्या होत्या. सोलापुरात खानावळीच्या टेबलावरून शेंगाचटणीची बरणी उचलणं हा गुन्हा आहे, हे मला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडलेलं नाही. पण साडेअकरापर्यंत सहाही टेबलांवर एकच विषय होता. कोणी म्हणालं, आक्कांना (आत्याला सगळी गल्ली आक्का म्हणते) बरं न्हाई का? कोणी म्हणालं, खानावळ इकली वाटतं पुणेवाल्याला. एका माणसानं तर मला, मला, विचारलं, "तू हितं कामाला नवीन हाइस का?" माझं बालपण ज्या टेबलावर गेलं, त्याच टेबलावर बसून!

शेवटी मल्लूअण्णांनी मला न विचारता बरण्या बाहेर आणल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. (आदल्या दिवशी मला मिळाल्या त्यापेक्षा जास्त.) त्याच वेळी त्यांनी मोरीकडं जाऊन होटगीला गुपचूप फोन केला होता, हे मला नंतर कळलं. तीस वर्षांच्या माणसानं असं पाठीमागून करावं, याला काय म्हणायचं?

असो. माझं सगळं लक्ष मानेमास्तरांच्या जेवणाकडं होतं. तिथं मी काहीही चुकू देणार नव्हतो, आणि माझ्या मते चुकू दिलंही नाही. पंधरा पानांना पंधरा सारख्या वाट्या, सारखी वांगी. सोबत कडक भाकरी. आमची ज्वारीची कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी, सोलापूरची शान! बाहेरगावच्या पाहुण्यांना दुसरं काय द्यायचं?

शांताबाई पिठाची परात घेऊन आली. "दादा, म्हाताऱ्यासाटी दोन मऊ भाकरी टाकते."

"नको."

"आक्का म्हनल्यात."

"शांताबाई, सकाळी मी काय सांगितलं? अपवाद नाही. पंधरापैकी एका ताटात वेगळी भाकरी दिसली, की त्या माणसाला वाटतं आपल्याला कमी लेखलं. एकदा अपवाद केला की सिस्टीम कोसळते!"

शांताबाईनं परात खाली ठेवली. "कोसळू दे की," ती म्हणाली. पण मऊ भाकरी केली नाही. तिनं माझं ऐकलं, हीच तिची चूक, असं मला आज वाटतं.

दीडच्या ठोक्याला मी जेवण घेऊन मास्तरांच्या घरी हजर होतो. (वेळेचा मुद्दा कोणी काढतच नाही. दीड म्हणजे दीड!) पुढच्या खोलीत पंगत बसली. एका बाजूला मास्तर, त्यांचे भाऊ आणि शेजारी. दुसऱ्या बाजूला अकलूजचे पाहुणे, म्हणजे मुलगा, त्याचे आईवडील, कपाळाला आठ्या घातलेली त्याची आत्या, आणि सगळ्यांच्या मधोमध आबा. आबा म्हणजे मुलाचे आजोबा. उंच ऊस बागायतदार माणूस, फेटा, पांढऱ्या मिशा. त्यांनी आठच दिवसांपूर्वी नवी कवळी बसवली होती, आणि ती सगळ्यांना दिसावी म्हणून ते कारण नसताना हसत होते.

मी स्वतः वाढायला घेतलं. आबांनी ताटातल्या भाकरीला बोट लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "मऊ न्हाय का हो?"

मी वाकून म्हणालो, "आबा, ही आमची खासियत आहे. एकदा खाऊन तर बघा!"

"दाताला जरा…"

"अहो, असे दात असल्यावर भाकरीला काय घाबरायचं!"

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? मी त्यांच्या कवळीचं कौतुक केलं. आबा खूश झाले. सगळे बघत होते. त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि माझ्याकडं बघून हसत हसत चावला.

कटकन आवाज झाला.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, भाकरीचा. मी तर अभिमानानं म्हणालोसुद्धा, "बघा, काय कुरकुरीत आहे!" मग आबांनी तोंडावर हात नेला. खालच्या कवळीचे दोन तुकडे झाले होते. एक त्यांच्या हातात आला आणि दुसरा टपकन आमटीत पडला.

पंगतीत कोणी घास गिळेना. मुलाच्या आत्यानं ताट पुढं सरकवलं.

"झालं! पयल्याच घासाला मोडतोड! म्या म्हनत हुते, दुसरीकडची बी एक पोरगी बगू."

मानेमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. आतल्या दारात स्नेहल उभी होती. तिनं माझ्याकडं जसं बघितलं, तसं बत्तीस हॉटेलांतल्या एकाही गिऱ्हाइकानं कधी बघितलं नव्हतं.

घाबरून जाणाऱ्यांतला मी नव्हे. तक्रार आली की काय करायचं, याचं आमच्याकडं प्रशिक्षण असतं, आणि ते प्रशिक्षण मी स्वतः देतो. पाहुण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचं, मनापासून माफी मागायची आणि कंपनीतर्फे एक गोड पदार्थ मोफत द्यायचा. हे सिंगापूरला चालतं. पण सिंगापूरला पाहुणे खुर्चीवर बसतात! आबा जमिनीवर, पाटावर बसलेले, त्यातही पाठीतून वाकलेले. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर यायला मला जवळजवळ पालथं पडावं लागलं.

"आरं, पाया नको पडू, पाया नको पडू," मुलाचे वडील घाईनं म्हणाले.

"पाया पडत नाहीये, माफी मागतोय!" मी जमिनीवरून ओरडलो. आणि तसाच, कोपरावर रेलून, पिशवीतला गोड पदार्थ काढून आबांच्या ताटात ठेवला.

तो पदार्थ शेंगापोळी होता. आत्याकडची शेंगापोळी. खरपूस भाजलेली, आणि प्रवासात मोडू नये म्हणून मुद्दाम कडक केलेली.

आबांनी पोळीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग आपल्या वरच्या दातांना बोट लावलं.

"आता वरची बी मोडू व्हय?"

मुलाला हसू आवरेना. त्यानं तोंडाला रुमाल लावला, तर दारात स्नेहलनं तोंडाला पदर लावलेला. दोघांचे खांदे सारखेच हलत होते. मुलाच्या आत्याला ते दिसलं आणि ती आणखीच भडकली. "हसताय काय? म्हाताऱ्याची चेष्टा लावलीय ह्यांनी! उठा, निगू या!" मुलाचे वडील खरंच उठायला लागले. मास्तर हात जोडून त्यांच्या पुढं उभे राहिले. तेव्हा मात्र मी जमिनीवर पडल्यापडल्या पहिल्यांदाच घाबरलो. ज्या माणसानं मला दहावीला गणित फुकट शिकवलं, त्याच्या पोरीचं लग्न मी एका भाकरीनं मोडत होतो.

आणि दारात आत्या उभी राहिली. हातात प्रवासाची पिशवी, कपाळावर घाम.

तिनं खोलीभर एकदा नजर फिरवली. आबांचं तोंड, आमटीची वाटी, शेंगापोळी, आणि जमिनीवरचा मी.

"साकु!" ती म्हणाली. कानडीत म्हणजे 'पुरे'. मग सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत, "शिवू, ऊठ तितनं. आजपास्नं खानावळीत पाय ठेवू नको. तुझ्यानं हुईत न्हाई."

असा मी कामावरून गेलो. आडवा असताना!

पुढं तिनं जे केलं ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. ती आबांच्या शेजारी खाली बसली. नवी वाटी मागवली. तीच कडक भाकरी, जिनं कवळी मोडली होती ती, तिनं दोन्ही हातांनी बारीक कुस्करली, तिच्यावर ऊन ऊन आमटी ओतली, तूप सोडलं आणि वर ताट झाकलं. भाकरी मुरेपर्यंत ती आबांशी बोलत राहिली.

"आबा, चुकलं आमचं."

आमचं म्हणाली. ह्याचं नाही.

"मास्तरांना फोन करून म्या इचारलं हुतं, कोन कोन येनार, कुनाला काय चालत न्हाई. तुमचं मऊ लागतंय ते बी कळलं हुतं." (आमच्या कंपनीत याला पाहुण्यांची पूर्वमाहिती म्हणतात आणि त्यासाठी एक महागडं अॅप आहे. आत्या फोन लावते.)

मुलाची आत्या अजून धुमसत होती. "पर असा दात पडनं चांगलं न्हाय, बाई."

"दात कुटं पडला?" आत्या म्हणाली. "कवळी पडली की! ती तर डाक्टरानं केलेली. देवानं दिल्याले दात पडले तर अपशकुन धरायचा."

आबा हसले. आता खाली एकही दात नव्हता, पण आधीच्या सगळ्या हसण्यांपेक्षा हे हसणं बरं दिसत होतं. आत्यानं ताट उचललं. आबांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग वाटी पुढं केली. "आजून घाल बाई. आट दिस झालं, ह्या कवळीपायी सुखानं जेवलो न्हाय."

उठलेले वडील पुन्हा बसले. मुलाच्या आईनं विचारलं, "हे वाढनारे कोन म्हनायचे?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी भिंतीला चिकटून उभा होतो, शर्टाला पुढून धूळ लागलेली. मला वाटलं, आत्या म्हणेल, कुणी नाही, पुण्याचे साहेब आहेत. माझी तशी तयारी होती. उलट तसं म्हणाली असती तर बरंच झालं असतं!

"भाचा हाय माझा," ती म्हणाली. "माज्याच हाताखाली शिकलाय."

मी तिला दोनशे लोकांसमोर ओळख दिली नव्हती. तिनं मला दिली, ती नेमकी अशा वेळी. मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच असणार.

चार वाजता सुपारी फुटली. (खलबत्त्यात. आबांना कोणी विचारलं नाही.) लग्नाच्या जेवणाचंही आत्याकडंच ठरलं, आणि मी त्यात कुठंही नसेन असं तिनं मास्तरांना स्वतःहून सांगितलं.

अकलूजची मंडळी संध्याकाळी निघणार होती. तोवर कवळी सांधून आणायची शिक्षा अर्थातच मला झाली. डब्यात कवळीचे दोन तुकडे आणि गाडीत आबा घेऊन मी दातांच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर तरुण होते, बोलके होते. त्यांनी तुकडे जोडून बघितले.

"भक्कम होती की हो ही. मोडली कशानं?"

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनी जेवायला घातलं."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "तुम्ही काय करता?"

"रेस्टॉरंटच्या लाइनमध्ये आहे," मी म्हणालो. निदान इथं तरी कोणी आपली कदर करावी, म्हणून पुढं जोडलं, "पुण्यात. बत्तीस हॉटेलं आहेत."

डॉक्टरांनी एकदा कवळीकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. कवळी हातात तशीच होती. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून, आवाज खाली आणून, अगदी आदरानं म्हणाले,

"साहेब, त्यातल्या एखाद्याच्या शेजारी गाळा रिकामा आहे का हो? दवाखाना टाकायचा होता."